सामन्याला बंदी, मग सरावालाही का?

वाचकांचे प्रश्न : खेळ आणि नियम

आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन्ही बाजूंना 15-15 खेळाडू, गोल चेंडू हातानेही खेळायचा आणि पायानेही. आडव्या दांडीखालून जाळ्यात मारला तर गोल, म्हणजे 3 गुण. दांडीवरून मारला तर 1, आणि 2025 च्या नव्या नियमांपासून, गोलपासून 40 मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून मारला तर 2. खेळ चालवते ती गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए. तिची स्थापना 1884 मध्ये टिपरेरी काउंटीतल्या (काउंटी म्हणजे जिल्हा) थर्ल्स गावी झाली. मोठमोठे खेळाडूसुद्धा इथे हौशी असतात, पगार कुणालाच नाही. पुढची उत्तरं वाचताना ही शेवटची गोष्ट विसरू नका.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. डब्लिनमध्ये आमच्या वस्तीतल्या क्लबच्या अंडर-15 संघातून खेळतो. गेल्या शनिवारी झटापटीत त्याने समोरच्या मुलावर हात उगारला आणि पंचांनी थेट लाल कार्ड दाखवलं. एका सामन्याची बंदी येणार असं कळलं. प्रशिक्षक म्हणतात, बंदी पुरी होईपर्यंत सरावालाही यायचं नाही. त्या स्पर्धेतला पुढचा सामना तीन आठवड्यांनी आहे. असा नियम आहे का? आम्ही काही बोलावं की गप्प बसावं?
— एक आई, डब्लिन

उत्तर : बोला. पण आधी बंदी नेमकी कशावर आहे ते समजून घ्या, म्हणजे बोलणं सोपं जाईल.

जीएएमध्ये बंदी दोन तऱ्हेची असते: सामन्यांच्या हिशेबाची आणि आठवड्यांच्या हिशेबाची. हात उगारणं, मारणं, लाथ घालणं अशा मैदानावरच्या मारामारीच्या गुन्ह्यांना साधारणपणे पहिली लागते, एक सामना किंवा दोन. ही बंदी त्याच खेळात, त्याच स्तरावर आणि त्याच स्पर्धेच्या पुढच्या सामन्याला लागू होते. ‘त्याच स्पर्धेच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. स्पर्धेतला या वर्षीचा तुमचा शेवटचा सामना होऊन गेला असेल, तर बंदी पुढच्या वर्षीच्या पहिल्या सामन्याला लागते.

आता प्रशिक्षकांचं म्हणणं याच नियमाला लावून बघा. चॅम्पियनशिपच्या शेवटच्या सामन्यात ऑक्टोबरमध्ये कुणाला लाल कार्ड मिळालं आणि पुढच्या वर्षीची चॅम्पियनशिप ऑगस्टमध्ये सुरू झाली, तर ‘बंदी पुरी होईपर्यंत सराव नाही’ म्हणजे दहा महिने सराव नाही. एका सामन्याच्या शिक्षेचा असा अर्थ कुणीच लावणार नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत ते तीन आठवडे आहेत, म्हणून हा अर्थ कानाला कमी खटकतो, इतकंच. बंदी सामन्याची आहे. मंगळवारच्या आणि गुरुवारच्या सरावाशी तिचा संबंध नाही.

बंदीचा कागद, बहुधा ई-मेल, काउंटीच्या समितीकडून क्लबच्या सचिवांकडे येतो. तो मागून घ्या आणि त्यात तीन गोष्टी बघा: गुन्ह्याचा वर्ग कोणता, बंदी किती सामन्यांची किंवा आठवड्यांची, आणि सुनावणी मागायची मुदत कधी संपते. ही मुदत फार थोडी असते. पालकांना कागद दिसेपर्यंत ती बहुतेकदा उलटून गेलेली असते.

क्लबला स्वतःची शिस्त लावायचा अधिकार आहे, हेही खरं. मुलगा सरावातच मारामारी करत असेल किंवा प्रशिक्षकांना उलट बोलला असेल, तर क्लब त्याला काही दिवस बाहेर ठेवू शकतो. पण ती क्लबची शिक्षा झाली. ती कुणी दिली, किती दिवसांची आणि कशासाठी, हे क्लबने तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. काउंटीच्या बंदीच्या आड ती लपवणं बरोबर नाही. प्रशिक्षकांना एवढंच विचारा: “ही बंदी काउंटीची आहे की क्लबची?” बहुतेक वेळा या एका प्रश्नातच गाठ सुटते, कारण बऱ्याच प्रशिक्षकांनी तो फरकच केलेला नसतो. उत्तर पटलं नाही तर क्लबच्या बाल-अधिकाऱ्यांना भेटा. लहान मुलं खेळतात त्या प्रत्येक क्लबमध्ये हे पद असतं आणि अशाच गोष्टींसाठी असतं.

चौदा वर्षांच्या मुलाला तीन आठवडे घरी बसवण्यातला धोका दमसासाचा नाही, दमसास आठवडाभरात भरून येतो. या खेळातला क्लब म्हणजे शाळेतले, गल्लीतले, बसथांब्यावरचे तेच मित्र. संध्याकाळी सात वाजता सगळे बूट हातात घेऊन निघालेत आणि हा खिडकीतून बघतोय, हे तीन आठवडे चाललं की पुष्कळ मुलं चौथ्या आठवड्यात परत जातच नाहीत. बाहेरच्या देशातून आलेल्या कुटुंबातल्या मुलाला हा क्लब कदाचित त्या गावात मिळालेली पहिली आपली जागा असते. केलेल्या चुकीबद्दलची शिक्षा त्याने जरूर भोगावी. सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत कठड्याबाहेर उभं राहून आपल्या जागी दुसऱ्याला खेळताना बघणं ही पुरेशी शिक्षा आहे.

प्रश्न : मी कॉर्कमधल्या एका क्लबच्या वरिष्ठ संघाच्या व्यवस्थापनात मदत करतो. आमच्या मिडफिल्डरला लाल कार्ड मिळालं, त्याने सुनावणी मागितली आहे. निकाल सामन्याच्या दोन दिवस आधी लागेल. तोवर त्याला मुख्य संघाबरोबर सराव द्यावा की त्याच्या जागी येणाऱ्याला?
— एक वाचक, कॉर्क

उत्तर : दोघांनाही द्या, पण सारखा नाही.

सरावाला बंदी नसावी याचं सगळ्यात भक्कम कारण तुमच्याच प्रश्नात आहे. लाल कार्ड दाखवल्यावर प्रकरण संपत नाही. पंचांचा अहवाल जातो, स्पर्धा नियंत्रण समिती शिक्षा सुचवते, खेळाडू ती मान्य करतो किंवा सुनावणी मागतो, मग अपील, आणि शेवटी वाद निवारण प्राधिकरण. हे प्राधिकरण लवादासारखं, समित्यांपासून स्वतंत्र आहे. 2015 ची ऑल-आयर्लंडची, म्हणजे काउंटी संघांच्या देशव्यापी स्पर्धेची, उपांत्य फेरी आठवा. 30 ऑगस्टला डब्लिन आणि मेयो यांच्यात बरोबरी झाली. डब्लिनच्या डिअरमिड कॉनलीला लाल कार्ड मिळालं आणि एका सामन्याची बंदी आली. फेरसामना 5 सप्टेंबरला, म्हणजे मध्ये जेमतेम सहा दिवस. सुनावणी समितीने त्याचं म्हणणं फेटाळलं, अपील समितीनेही फेटाळलं. प्राधिकरणाने मात्र अगदी शेवटच्या घटकेला दोन विरुद्ध एक मताने बंदी उठवली आणि तो फेरसामना खेळला. डब्लिन जिंकलं. त्या आठवड्यात त्याला सरावापासून लांब ठेवलं असतं, तर जिंकलेल्या अपिलाला कागदापलीकडे अर्थच राहिला नसता.

तुमच्या आठवड्याचं आता बघू. आखणी ‘तो नाही’ असं धरून करा. त्याच्या जागी येणारा मंगळवारपासूनच पहिल्या संघात खेळायला हवा, आणि मुख्य कारण आहे किक-आउट. गोलरक्षक चेंडू परत खेळात आणतो तेव्हा मिडफिल्डर कुठे उभा आहे, कोणत्या खुणेला कोणत्या बाजूला पळतो, किती उंच उडी घेतो, हे दोघांमध्ये बसलेलं असतं. नव्या नियमांनुसार किक-आउट 40 मीटरच्या कमानीपलीकडे जावीच लागते. म्हणून जवळच्या बचावपटूकडे हळूच चेंडू देऊन सुटका करून घेण्याचा जुना मार्ग बंद झाला आणि मिडफिल्डरवर आणखी भार आला. नव्या जोडीला किमान 20–25 किक-आउट विरोधासकट खेळून घ्यायला द्या, दोन सरावांत वाटून.

बंदी असलेल्याला आपसांतल्या सामन्यात दुसऱ्या संघात घाला आणि रविवारी समोर येणाऱ्या मिडफिल्डरची भूमिका द्या: तो जिथे उभा राहतो तिथे उभं राहायचं, तो ज्या पायाने मारतो त्याच पायाने मारायचं. त्याचाही सराव होतो आणि बदली खेळाडूला खरी परीक्षा मिळते. निकाल त्याच्या बाजूने लागू शकतो हे धरून गुरुवारी शेवटची दहा-पंधरा मिनिटं त्याला पहिल्या संघात देऊन बघा.

इथे नेहमी होणारी चूक एकच. प्रशिक्षकाचा जीव त्या खेळाडूवर असतो, ‘निकाल लागेल आपल्या बाजूने’ म्हणत तो आठवडाभर त्यालाच नेहमीच्या जागी खेळवतो, आणि निकाल विरुद्ध गेला की रविवारी बदली खेळाडू एकही किक-आउट न खेळता मैदानात उतरतो. पहिल्या पंधरा मिनिटांत तीन-चार चेंडू हातचे गेले की दोष त्या बिचाऱ्यावर येतो.

अपील समितीसमोर ‘शिक्षा जरा जास्त झाली’ एवढं म्हणून भागत नाही. नियमाचा स्पष्ट भंग झाला किंवा नियम चुकीचा लावला गेला, हे दाखवावं लागतं. नुसती विनवणी करायची असेल तर तो वेळ सरावाला द्या.

प्रश्न : मला दोन सामन्यांची बंदी आहे. दोन सामन्यांमध्ये पाच आठवडे जातात. क्लबचा सराव चालू आहे, पण सामना नसल्यामुळे दम कमी पडेल का? सामन्याच्या दिवशी काय करावं?
— एक वाचक, गॉलवे

उत्तर : दम फारसा कमी पडणार नाही. धोका मांडीच्या मागच्या स्नायूला आहे, हॅमस्ट्रिंगला. गेलिक फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त दुखावणारा स्नायू हाच.

कारण साधं आहे. सराव कितीही जोरात झाला तरी पूर्ण वेगाने, जीव खाऊन पळणं बहुतांशी सामन्यातच होतं. पाच आठवडे त्या वेगाला न गेलेला स्नायू पहिल्याच सामन्यात त्या वेगाला नेला की तो तुटतो, आणि तोही बहुधा दुसऱ्या अर्ध्यात, पाय थकल्यावर. बंदी संपवून आलेला खेळाडू पहिल्या सामन्यातच लंगडत बाहेर जाताना दिसतो तो यामुळे. लोक म्हणतात नशीब. नशीब नाही, पाच आठवडे एकही पूर्ण वेगाची धाव नसणं हे त्याचं कारण आहे.

म्हणून मंगळवार-गुरुवारचा सराव सगळ्यांबरोबर करा आणि सामन्याच्या दिवशी, किंवा त्याच्या आदल्या दिवशी, सामन्याची भरपाई करणारं एक सत्र घ्या. क्लबचा सामना 60 मिनिटांचा असतो, हे सत्रही तासाभराचं ठेवा.

सुरुवातीला 15 मिनिटं अंग गरम करा. जीएए-15 नावाचा दुखापत टाळण्याचा ठरलेला क्रम आहे, तोच करा. त्यातल्या उड्या आणि तोल सांभाळण्याचे प्रकार गाळू नका, बहुतेक जण नेमके तेच गाळतात. मग 30 मीटरच्या 6 धावा: पहिल्या दोन तीन-चतुर्थांश जोराने, उरलेल्या चार जवळजवळ पूर्ण वेगाने. प्रत्येक धावेनंतर 60 ते 90 सेकंद चालत परत या. घाई केलीत तर वेगाची धाव दमाची धाव होते आणि सगळा हेतू जातो. पुढे 4 मिनिटांच्या 4 फेऱ्या, बोलताना वाक्य पुरं होणार नाही इतक्या जोराने, मध्ये 3 मिनिटं संथ पळणं. यात चेंडू हातात ठेवा आणि सोलो करत पळा, म्हणजे पायावर टाकून परत हातात घेत. नुसतं पळणं आणि चेंडू घेऊन पळणं यांत श्वासाचा हिशेब वेगळा असतो. शेवटी पाय थकलेले असतानाच दोन्ही पायांनी 20-20 किक मारा, कारण सामन्यातल्या निर्णायक किक थकलेल्या पायांनीच मारल्या जातात.

आठवड्यातून दोनदा नॉर्डिक घाला. गुडघ्यांवर बसा, मागून कुणीतरी घोटे धरून ठेवेल, आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जमिनीपर्यंत या. सुरुवातीला 2 फेऱ्या, प्रत्येकी 4–5 वेळा. पहिल्या दोन-तीन दिवशी मांड्या चांगल्याच ठणकतात, त्याने घाबरू नका. मात्र सामन्याच्या किंवा वेगाच्या धावांच्या आदल्या दिवशी नॉर्डिक नको.

एक सूचना: हे सत्र क्लबच्या कुणाच्या देखरेखीखाली करा. जीएएचा खेळाडू इजा निधी नोंदणीकृत खेळाडूंना अधिकृत सामन्यांत आणि देखरेखीखालच्या अधिकृत सरावात झालेल्या दुखापतींसाठी आहे. उद्यानात एकट्याने पळताना पाय मुरगळला तर तो खर्च तुमचाच.

प्रश्न : बंदी असलेला खेळाडू शेजारच्या क्लबविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळू शकतो का? ‘सरावच आहे’ असं म्हणून चालतं का?
— एक वाचक, लिमरिक

उत्तर : आठवड्यांच्या हिशेबाची बंदी असेल तर नाही. ती सगळ्या स्तरांवर आणि सगळ्या खेळांत लागू असते: क्लब, काउंटी, फुटबॉल, हर्लिंग (जीएएचाच काठी-चेंडूचा खेळ). दोन वेगळे संघ, पंच आणि गुणफलक आला की तो सामना झाला, मग जर्सीवर आकडे असोत की नसोत. सामन्यांच्या हिशेबाची बंदी एका स्पर्धेपुरती असते, तिथे गोष्ट वेगळी. तरीही खेळवण्याआधी काउंटीच्या सचिवांना विचारून लेखी उत्तर ठेवा. बंदी असलेला खेळाडू खेळवल्याचं सिद्ध झालं तर सामना हातचा जातो आणि बंदी वाढते.

दुसऱ्या फुटबॉलमध्ये, म्हणजे सॉकरमध्ये, हा घोळ 1995 मध्ये झाला होता. प्रेक्षकाला लाथ मारल्याबद्दल एरिक कँटोनावर सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी होती. मँचेस्टर युनायटेडने त्याला सराव मैदानावर बंद दाराआड रॉचडेलविरुद्ध खेळवलं, तर इंग्लिश फुटबॉल संघटनेने जाब विचारला. कँटोना वैतागून पॅरिसला निघून गेला आणि त्याची समजूत काढायला अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांना तिकडे जावं लागलं. बंदीच्या आदेशात ‘सराव’ आणि ‘सामना’ यांची रेघ स्पष्ट आखलेली नसली की असं होतं.

प्रश्न : तुमचं म्हणणं सरावाला बंदी नसावी. मग आपल्या पृथ्वी शॉला बंदीच्या काळात सराव का करू दिला नव्हता?
— एक वाचक, विरार

उत्तर : कारण ती वेगळ्या जातीची बंदी होती. फेब्रुवारी 2019 मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान घेतलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटलिन सापडलं. हे द्रव्य खोकल्याच्या औषधांत असतं. बीसीसीआयने 8 महिन्यांची बंदी घातली, ती मागच्या तारखेपासून धरून 15 नोव्हेंबर 2019 पर्यंत. उत्तेजकविरोधी नियमांत संघाबरोबरचा सरावही बंद असतो, फक्त शेवटचा काही काळ मोकळा मिळतो: एकूण बंदीचा पाव भाग किंवा दोन महिने, यांतलं जे कमी असेल ते. आठ महिन्यांचा पाव भाग दोनच महिने, म्हणून त्याला सप्टेंबरच्या मध्यापासून सरावाची मुभा होती. नोव्हेंबरमध्ये परतल्यावर मुंबईकडून पहिल्याच सामन्यात त्याने अर्धशतक केलं.

या बंदीमागचा विचार समजण्यासारखा आहे. द्रव्याने मिळालेला फायदा शरीरात असतो, आणि सराव चालू राहिला तर तो फायदा टिकवून ठेवता येतो. म्हणून सरावही बंद. गेलिक फुटबॉलही आयर्लंडच्या उत्तेजकविरोधी नियमांखाली येतो, तिथेही हेच. ठोसा मारण्यात असा कोणताही फायदा शरीरात साठत नाही, तेव्हा त्याला हा नियम लावण्याचं कारण नाही.

2014 च्या विश्वचषकात लुइस सुआरेझ चावला तेव्हा फिफाने दोन्हींची गल्लत केली. नऊ आंतरराष्ट्रीय सामने तर काढून घेतलेच, वर चार महिने ‘फुटबॉलशी संबंधित कोणतीही गोष्ट’ करायला मनाई केली. बार्सिलोनाने नुकत्याच विकत घेतलेल्या खेळाडूला क्लबच्या सरावालाही जाता येईना. ऑगस्टमध्ये क्रीडा लवादाने सामन्यांची बंदी कायम ठेवली, पण सराव आणि मैत्रीपूर्ण सामने मोकळे केले. चावण्याची शिक्षा कायम राहिली आणि माणसाला त्याच्या कामावर जाता आलं. निकाल असा हवा.

प्रश्न : पंचांच्या अंगावर हात टाकणाऱ्यालाही सरावाला येऊ द्यायचं का? मग शिक्षेला अर्थ काय उरला?
— निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा

उत्तर : सर, या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण ‘हात टाकणं’ यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जून 2008 मध्ये केरीचा कर्णधार पॉल गॅल्विन याने क्लेअरविरुद्धच्या सामन्यात पंच पॅडी रसेल यांच्या हातातली वही उडवली. बंदी 24 आठवड्यांची लागली, अपिलांच्या फेऱ्यांनंतर ती 12 आठवड्यांवर आली. तो सप्टेंबरच्या ऑल-आयर्लंड अंतिम सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरला. 3 जून 2017 ला डब्लिन–कार्लो सामन्यात कॉनलीने लाइन्समनच्या छातीला हात लावला. 12 आठवडे. 84 दिवस मोजले तर बंदी 26 ऑगस्टच्या आसपास संपते, आणि तो 27 ऑगस्टला उपांत्य सामन्यात मैदानात होता. 17 सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात तो मध्यंतरानंतर आला, एक गुण केला आणि शेवटच्या मिनिटांत जी फ्री किक मिळवली तिच्यावर डीन रॉकने विजयी गुण मारला. डब्लिन 1-17, मेयो 1-16 (आधी गोल, मग गुण). बारा आठवडे घरी बसलेला माणूस डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर अर्धा अंतिम सामना असा खेळू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, हेच तर! शिक्षा झालेला माणूस अंतिम सामना जिंकून देतो. पण त्याने काय गमावलं तेही बघा: अर्धा उन्हाळा, प्रांताचा अंतिम सामना, आणि काउंटी तर सोडाच, क्लबकडूनसुद्धा एकही सामना नाही. हौशी खेळाडूला पैशाचा दंड करता येत नाही. त्याच्याकडे काढून घेण्यासारखी एकच मौल्यवान गोष्ट असते, ती म्हणजे सामना. ती पूर्ण काढून घेतली होती.

आता दुसरी गोष्ट. पंचाला ठोसा मारला, खाली पाडलं, धमकावलं. हा हल्ला आहे, त्याची शिक्षा कितीतरी मोठी असते, आणि इथे सरावाचं दारही बंद ठेवावं असं आम्हाला ठामपणे वाटतं. कारण शरीराच्या तयारीचं नाही. गावातल्या क्लब सामन्याला येणारा पंच शेजारच्या गावचा शिक्षक किंवा सुतार असतो, दिवसभराचं काम आटोपून आलेला. त्याच क्लबच्या मैदानावर तो पुढच्या आठवड्यात मुलांच्या सामन्यासाठी येतो, आणि ज्याने मारलं तो तिथे हसतखेळत सराव करताना दिसतो. मग तो पंच शिट्टी ठेवून देतो, आणि त्याच्या जागी नवा मिळत नाही. एकाच्या सरावापेक्षा त्या पंचाचं येणं जास्त महत्त्वाचं आहे.

मधल्या प्रकारांत, म्हणजे वही उडवणं, छातीला हात लावणं, अंगावर जाऊन ओरडणं यांत, सराव चालू ठेवावा आणि क्लबने त्याला एक काम जोडून द्यावं: बंदीच्या काळात क्लबच्या सरावातल्या आपसांतल्या सामन्यांना शिट्टी त्याने फुंकायची. रोजच्या मित्रांनी प्रत्येक निर्णयावर हुज्जत घातली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला बाजू बदललेली कळते. बंदीत अधिकृत सामन्याला पंच म्हणून मात्र उभं करू नका.

तुमच्याकडच्या शाळांच्या स्पर्धांतही हाच फरक लावून बघा. कबड्डीत पिवळं कार्ड दाखवलं की दोन मिनिटं खेळाडू बाहेर बसतो, मग परत येतो. त्यासाठी कुणी दुसऱ्या दिवशी त्याला आखाड्यात यायला मनाई करत नाही.

प्रश्न : आणि प्रशिक्षकावरच बंदी आली तर? तो संघाचा सराव घेऊ शकतो का?
— एक वाचक, डब्लिन

उत्तर : प्रशिक्षकाची बंदी मुख्यतः सामन्याच्या दिवशी साइडलाइनची असते. 2017 मध्ये वेक्सफर्डच्या हर्लिंग संघाचे डेव्ही फिट्झजेराल्ड सामना चालू असताना मैदानात शिरले आणि 8 आठवडे साइडलाइनला मुकले. संघाशी त्यांचं नातं काही तुटलं नाही. सामन्याच्या दिवशी बंदी असलेल्याने ड्रेसिंग रूम आणि कठड्याच्या आतली जागा टाळायची, स्टँडमध्ये बसायचं, आणि पाण्याच्या बाटल्या नेण्याचं निमित्त करून आत जायचं नाही. तेवढ्यावरून नवी तक्रार झालेली परवडत नाही.

गुन्हा सरावाचाच असेल तर मात्र गोष्ट उलटी होते. 2021 च्या वसंतात कोविडमुळे सामूहिक सरावाला बंदी असताना डब्लिनच्या काही खेळाडूंनी पहाटे एका क्लबच्या मैदानावर सराव केला. व्यवस्थापक डेसी फॅरेल यांना त्यांच्याच काउंटी मंडळाने 12 आठवडे निलंबित केलं. त्याच सुमारास मोनाहनच्या व्यवस्थापकांवरही तशीच कारवाई झाली. ज्या गोष्टीत चूक झाली तीच काढून घेतली, म्हणून त्या शिक्षेबद्दल कुणाला फारसं समजावून सांगावं लागलं नाही.